पायलटकाकाजींची ढोकरी

आकाशातून विमान गेलं की आमच्या गावात सगळे वर बघायचे आणि पायलटकाकाजी खाली बघायचे. थंडीच्या दिवसांत नागपूरहून निघालेलं एखादं विमान आमच्या डोक्यावरून पांढरी रेघ ओढत जातं. पानठेल्यावरची माणसं मान दुखेपर्यंत वर बघत. कोणी म्हणे, "कलकत्त्याले जाऊन राहिलं." दुसरा म्हणे, "नाही गा, रायपूरले." मग निकालासाठी सगळ्यांच्या नजरा काकाजींकडे वळत. काकाजी तोवर चपलेचा अंगठा नीट करण्यात गुंतलेले असत. "कोनतंही असो, जाऊ द्या ना बापा," एवढंच म्हणत आणि सुपारी कातरायला घेत. "जुने दिवस आठवते बिचाऱ्याले," असं माणसं त्यांच्या मागे बोलत. त्या गावात शिक्षिका म्हणून आल्यावर मीही तेच धरून चालले होते.

आमचं गाव कोंढ्यापासून थोडं आत. धानाच्या बांध्या, गावाला टेकून मोठा तलाव, तलावाच्या पाळीवर मोहाची झाडं. अशा गावातून एक मुलगा हवाई दलात गेला आणि निळा गणवेश घालून पहिल्या सुट्टीला परत आला, तेव्हा त्याच्या वडिलांनी चावडीवर सांगून टाकलं, "माहा पोरगा विमान चालवते." तेव्हापासून ते पायलट. निवृत्त होऊन गावी परतल्यावर, नांगर धरल्यावर, केस पिकल्यावरही पायलटच. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, सगळं गाव पायलटीनबाई म्हणायचं. पंधरा ऑगस्टला नि सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याशेजारची खुर्ची त्यांची असे. भाषण करा म्हटलं की ते उभे राहत, "पोट्टेहो, शिका," म्हणत आणि खाली बसत. एवढा मोठा माणूस आणि किती कमी बोलतो, याचंही गावाला कौतुक.

मी नागपूरला कॉलेजात असताना विमानांची मॉडेलं बनवायला आणि उडवायला शिकले होते. लग्न झालं, नोकरी लागली, यजमानांची बदली पवनीला झाली, मला या गावातलं हायस्कूल मिळालं आणि ते वेड पेटीत गेलं. मग एका दिवाळीच्या सुट्टीत मी ती पेटी उघडली. त्यात एक जुना नकाशा होता, आमच्या आजोबांच्या तरुणपणी निघालेल्या एका विमानाचा. हल्लीची मॉडेलं फोमची असतात, दुकानातून आणायची आणि उडवायची. हे तसं नव्हतं. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या कापून सांगाडा करायचा आणि त्यावर पातळ रेशीम ताणून बसवायचं. पंख लांब, टोकांकडे वर उचललेले, रबरबँडने पाठीवर बांधलेले. वेग कमी. बैलबंडीसारखं डुलत जाणारं विमान. त्यात मोटर, बॅटरी आणि रेडिओ बसवून ते रिमोटवर उडवायचं असं मी ठरवलं, आणि गावात खरा पायलट आहे तर पहिलं उड्डाण त्यांच्याच हातून व्हावं म्हणून त्यांच्याकडे गेले.

"मी नाही, बाई," ते म्हणाले. इतक्या झटकन की मला थोडं लागलं. मग नकाशावर वाकून त्यांनी विचारलं, "याले कपडा कोनता लागते?"

रेशीम म्हटल्यावर त्यांचा चेहरा पालटला. पुढच्या रविवारी ते मला आणि काकींना घेऊन थेट आंधळगावला गेले. विणकरांच्या घरी बसून त्यांनी कोशाचं, म्हणजे इथल्या टसर रेशमाचं, एकेक कापड दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं, कानाजवळ नेऊन ताणलं, फुंकर मारून पाहिली. "पहले कपड्याले विचारा, मंग कैची काढा," हे त्यांचं पेटंट वाक्य मी त्या दिवशी प्रथम ऐकलं. सगळ्यांत पातळ कापड निवडलं ते त्यांनीच. पंखांवर ते असं बसवलं की सुरकुती शोधावी लागे. वरून मी डोप लावलं. डोप म्हणजे कापड ताणून घट्ट करणारं वार्निश. वाळल्यावर पंखावर टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. कापडाचा मूळ पिवळसर रंग तसाच ठेवला. काकी ओसरीवरून म्हणाल्या, "हे तं ढोकरीवानी दिसते." तलावाकाठी मान आखडून उभा राहणारा तो मातकट बगळा. नाव ढोकरी पडलं.

शिवणकाम त्यांना इतकं कसं येतं, हा प्रश्न मला पडला होता. घरात मशीन होतं, पण आतल्या खोलीत, चादर टाकलेलं. गावातल्या बायका झंपर शिवायला पायलटीनबाईंकडे टाकत. एकदा मी अचानक गेले तेव्हा दुपारची वेळ होती, खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून मशीनचा आवाज येत होता आणि काकी बाहेर ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला पाहताच त्या मोठ्याने खोकल्या. मशीन थांबलं. नवराबायकोने काम वाटून घेतलं असेल, असं समजून मी घरी आले.

धानाची कापणी आटोपली, तलावाचं पाणी मागे हटलं आणि काठाला मऊ गवताचा पट्टा मोकळा झाला. तिथे आम्ही ढोकरी जुळवायला घेतली. नवं विमान लगेच उडवत नाहीत. आधी त्याचा तोल बघायचा. पंखाखाली दोन बोटं लावून उचललं तर शेपूट खाली गेलं. मग बॅटरी नाकाकडे सरकवली, तेव्हा ते बोटांवर आडवं राहिलं. त्यानंतर मोटर बंद ठेवून, वाऱ्याकडे तोंड करून, हाताने अलगद सोडायचं. पहिल्यांदा ढोकरीने नाक वर केलं, हवेत क्षणभर अडखळली आणि धपकन बसली. पंखाच्या मागच्या कडेखाली मी प्लायची चकती सरकवली. आता ती नाक खाली घालून गवतात शिरली. चकती घासून अर्धी केली. दर वेळी विमान आणायला काकाजी धावत. धोतराचा सोगा हातात धरून त्या वयाचा माणूस गवतातून धावतोय हे बघून पाळीवर म्हशी चारणारी माणसं हसत होती, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

मग एकदा ढोकरी माझ्या हातातून निघाली आणि सरळ, संथ, एका पातळीत जात जात गवताच्या शेंड्यांना पोट घासून उतरली. काकाजी धावलेच नाहीत. जागेवर उभे राहून त्यांनी विचारलं, "तिले कोनी धरलं नव्हतं ना आता?"

"नाही. ट्रिम झालं म्हणजे हेच, काकाजी. हात सोडला तरी तिने नीट जायला हवं."

"हात सोडला तरी," ते स्वतःशीच म्हणाले.

मोटर लावल्यावर ती डावीकडे ओढायला लागली. मोटरच्या मागे डाव्या बाजूला वायसर घातले, नाक किंचित उजवीकडे झालं. उरलेलं रिमोटवरच्या बारीक खटक्यांनी जुळवलं. चारपाच सकाळी यात गेल्या. अखेर ती पाण्यावरून मोठं वळण घेऊन परत यायला लागली तेव्हा मी रिमोट काकाजींच्या हातात दिला. "आता तरी घ्या. वर न्या तिला थोडी."

वर नेण्यासाठी दांडी स्वतःकडे ओढायची असते. हे मॉडेलातही आणि खऱ्या विमानातही. काकाजींनी ती पुढे ढकलली. ढोकरीने पाण्याकडे सूर मारला. मी त्यांच्या हातावर हात ठेवून दांडी मागे खेचली, ती कशीबशी सावरली.

"आमच्या विमानात उलटं राहे," ते म्हणाले.

मी "हो का?" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं आहे हे त्यांना कळलं. एका वडीलधाऱ्या माणसाला असं पकडल्यासारखं झालं म्हणून माझीच मान खाली गेली. विमान उतरवून, पंख सोडून आम्ही गावाकडे निघालो. पाळीवर चढताना ते एकदा थांबले, खालच्या बांध्यांतल्या पिकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "यंदा लाखोरी चांगली आहे, नाही का?" मी म्हटलं, "हो, चांगली आहे."

संक्रांतीनंतर आमच्या गावाला शंकरपट भरतो. बैलजोड्यांची शर्यत. दोन दिवस जत्राच. पाहुण्यांनी घरं भरतात, लाउडस्पीकर सकाळपासून ओरडतो. म्हशी चारणाऱ्यांनी ढोकरीची बातमी केव्हाच गावात नेली होती. पटाच्या कमिटीचे लोक काकाजींच्या ओसरीवर आले. "काकाजी, पटावर तुमी विमान उडवाच. बाहेरगावच्याईले बी दिसू द्या आपला पायलट." मी तिथेच बसले होते. मला वाटलं, ते नाही म्हणतील. त्यांनी सुपारी कातरली, काकींकडे पाहिलं, काकींनी जमिनीकडे पाहिलं, आणि काकाजी म्हणाले, "पाहू." कमिटीने त्याचा अर्थ हो असा घेतला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "काकाजी, मी उडवते. तुम्ही शेजारी उभे राहा."

"लोकं म्हनतीन पायलट उभा आहे अन् बाई उडवून राहिली," ते म्हणाले. "शिकव मले. येते मले थोडं थोडं." त्यानंतरच्या प्रत्येक सकाळी मी त्यांना शिकवलं. थोडं थोडं येतही होतं.

पटाच्या दिवशी वारा बेताचा होता. जोड्या धावायच्या लांब पट्ट्याच्या कडेला माणसांची भिंत उभी, तिच्यामागे दावणीला बांधलेले बैल. दोन शर्यतींच्या मधे लाउडस्पीकर गरजला, "आता आपल्या गावचे भूषन, हवाई दलाचे पायलट..." टाळ्या पडल्या. कमिटीच्या एका उत्साही गृहस्थाने कमिटीचं नाव छापलेली सॅटिनची रुंद फीत आणि झेंडूचा हार आणला आणि ढोकरीच्या शेपटीला बांधायला घेतला.

"नाही, नाही," मी म्हणाले. "शेपटीला काहीच बांधायचं नाही. तोल जाईल. पडेल ती."

"मॅडम, फुलं तं आहेत. फुलाचं का वजन?"

"शेपटीवर फुलाचंही वजन होतं. सोडा ते."

त्या गृहस्थाने माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. "काकाजी, तुमी सांगा. चालते ना?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मीही. त्यांना हे माहीत होतं. बॅटरी नाकाकडे सरकवताना विमान त्यांच्याच बोटांवर तोललेलं होतं. पण लाउडस्पीकरवरचा माणूस थांबला होता आणि गाव वाट बघत होतं.

"चालते, चालते," काकाजी म्हणाले.

ढोकरी माझ्याच हातातून सुटली. सुटताच नाक वर करून उभीच चढली, शेपटीची फीत फडफडत होती, लोकांना वाटलं कसरत आहे, शिट्या वाजल्या. मी ओरडले, "पुढे ढकला! दांडी पुढे!" त्यांनी घाबरून ती स्वतःकडे ओढली. ढोकरी हवेत थांबली, एका पंखावर कलंडली आणि गरगरत दावणीतल्या बैलांच्या मधोमध पडली. मोटर चालूच होती. एक जोडी दावं तोडून उधळली. आंधळगावचा एक धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा गडी, कासरा धरायला धावला आणि धक्का लागून बंडीच्या चाकावर आदळला. त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. त्याला जीपमध्ये घालून पवनीला नेलं तेव्हा त्याच्या तोंडून आवाजही निघत नव्हता.

आणि मग बोलणं सुरू झालं. "मॅडमनं विमानच बराबर नाही बनवलं." "बाईमानसाचं काम होय का हे?" "पायलट बिचारा का करन, मशीनच खराब." कमिटीचा तो गृहस्थ सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. मी मोडलेले पंख गोळा करत होते. काकाजी पाच हातांवर उभे होते, रिमोट दोन्ही हातांनी छातीशी धरून. सगळं ऐकत होते. मी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली. मी घरी पोचायच्या आधी व्हिडिओ यजमानांच्या फोनवर पोचला होता, खाली कोणीतरी लिहिलेलं, 'मॅडमचं विमान'. मुख्याध्यापकांनी फोन करून दोन दिवस रजा घ्या असं सुचवलं. संध्याकाळभर काकाजी येतील असं वाटत होतं. ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पट सुरूच होता. मी घराबाहेर पडणार नव्हते, पण आमच्या घरापर्यंत लाउडस्पीकर ऐकू येई. दुपारी तो मधेच खरखरला आणि एक ओळखीचा, कमी बोलणारा आवाज आला. मी तशीच उठून पटाकडे निघाले. पोचले तेव्हा काकाजी मंडपात उभे होते, टोपी हातात. माईक कोणीतरी त्यांच्या तोंडापुढे धरला होता.

"...मी विमान कधीच चालवलं नाही," ते म्हणत होते. "मी पॅराशूट शिवत होतो. शिवत होतो अन् घड्या घालत होतो. नोकरीभर तेच केलं. माह्या बापानं गावात पायलट सांगतलं, मी नाही म्हटलं नाही. बाप गेला तरी नाही म्हटलं नाही. काल मॅडम सांगत होती, शेपटीले बांधू नका म्हणे. तिले समजते. मले समजत नाही. मी चालते म्हटलं. त्या पोराचं हाड माह्यापायी मोडलं. मॅडमले काही बोलू नका."

ते थांबले. पुढे काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्यांना कोणीतरी तिथून सोडवावं असं मला वाटत होतं, आणि त्यांनी आणखी बोलावं असंही वाटत होतं, आणि या दुसऱ्या वाटण्याची मला लाज वाटत होती. माईक धरणाऱ्याने शेवटी सवयीने म्हटलं, "धन्यवाद, पायलटकाकाजी."

मंडप हसला. आधी एकदोघं, मग सगळे. दुष्टपणाने नाही, अवघडून हसले असतील. पण लाउडस्पीकर चालू होता, ते हसू गावभर गेलं. काकाजींनी टोपी घातली आणि माणसांमधून वाट काढत घराकडे चालू लागले. मी मागोमाग गेले.

काकी दारातच उभ्या होत्या. त्यांनीही सगळं ऐकलं होतं. मी त्यांना एवढ्या संतापलेल्या कधी पाहिलं नव्हतं. "इतके वरस मी झाकलं ना?" त्या म्हणाल्या. "तुमी शिवत होते, मी माह्या नावानं सांगत होती. बायकाईचे बोल मी ऐकले, झंपर तंग झालं, ढिलं झालं. तुमच्या मायले, माह्या मायले खोटं बोलली मी. आता काहून उघडलं? मरेपरेंत नेलं असतं ना!"

"तिच्यावर घातलं मी," काकाजी माझ्याकडे हात करून म्हणाले. "नाही नेता आलं."

काकी आत गेल्या. कितीतरी दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा राग मला समजत होता. लपवलं दोघांनी मिळून होतं. उघडायचं मात्र काकाजींनी एकट्याने ठरवलं होतं.

गावाने त्यांना वाळीत टाकलं नाही, पण काय म्हणावं हे गावाला कळेना. काही जण 'पायलट' असं म्हणून जीभ चावत, काही मुद्दाम 'टेलरमास्टर' म्हणत. बायकांनी झंपरं टाकणं बंद केलं. आपली मापं इतकी वर्षं कोण बेतत होतं हे कळल्यावर त्यांना चेहरा लपवावासा वाटला. सव्वीस जानेवारीला झेंड्याशेजारच्या खुर्चीवर कमिटीचा तोच गृहस्थ बसला. काकाजी येणार नाहीत असं मी धरलं होतं. ते आले. कुंपणाजवळ, मुलांना सोडायला आलेल्या आईबापांच्या मागे उभे राहिले. सरपंचांनी हात करून पुढे बोलावलं. त्यांनी तिथूनच मान हलवली. राष्ट्रगीत होईपर्यंत ताठ उभे राहिले आणि कोणाशी न बोलता परत गेले.

त्या आठवड्यात ते बसने आंधळगावला गेले. मला म्हणाले, "तू नको येऊ." धुरकऱ्याच्या घरी काय झालं ते त्यांनी मला कधी पुरतं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की त्याचा बाप चांगला माणूस आहे, चहा पाजला, "हाड जुळते, काकाजी," म्हणाला. आणि तो गडी मात्र आतून बाहेर आला नाही. त्यानंतर त्याचा खांदा बरा होईपर्यंत काकाजी दर बाजाराच्या दिवशी जात राहिले. धान पाखडायला हात लावत, बैलांना पाणी दाखवत. शेवटी एक दिवस तो गडी ओट्यावर येऊन बसला आणि "विमान दुरुस्त झालं का?" असं त्याने विचारलं. हे सांगताना काकाजींचे डोळे भरून आले.

विमान दुरुस्त होत होतं. मशीन आता ओसरीवर आलं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. नवा कोसा, नव्या काड्या, पुन्हा डोप. जिथे जुनं कापड चालण्यासारखं होतं तिथे त्यांनी जोड दिला. मला जोड दिसतोय म्हणून मी नवं कापड लावू म्हटलं, तर म्हणाले, "दिसू दे." पुन्हा आम्ही तलावाच्या गवतात उभे राहिलो, पुन्हा बोटांवर तोल, पुन्हा चकत्या, पुन्हा खटके. एकदा मोडलेलं विमान आधीसारखं कधीच जुळत नाही, त्याची सगळी मापं नव्याने शोधावी लागतात. त्यांना घाई नव्हती. उन्हाळा लागेपर्यंत त्यांना एक मोठं वळण घेऊन ढोकरी परत आणता यायला लागली. उतरवणं माझ्याकडे असे. मुरलेल्या माणसासारखं त्यांना कधीच जमलं नाही आणि आपल्याला जमत नाही असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कोणी पाळीवरून "वा पायलट!" असं ओरडलं की दांडीवरून नजर न काढता ओरडून उत्तर देत, "पायलट नाही गा, शिंपी!" पहिल्यांदा ते म्हणताना त्यांचे कान लाल झाले होते. पुढेही होत. पण म्हणायचं त्यांनी सोडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, बांधीवरून परत आल्यावर, ते ओसरीवर आडवे झाले आणि उठले नाहीत. काकींनी हाक मारली तोपर्यंत सगळं संपलेलं होतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी काकींसोबत चौकातून येत होते. तिथे कमिटीने मोठा फ्लेक्स लावला होता. काकाजींचा फोटो, मागे निळं आकाश आणि एक लढाऊ विमान. काकींना वाचता येत नसे. त्या थांबल्या. "का लिवलं आहे व?"

मी वाचलं. नाव वाचलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचलं. मधला शब्द गाळावा असं मनात आलं. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "अन् मधात?"

"हवाई दलाचे निवृत्त पायलट."

कमिटीचे दोघंतिघं पानठेल्याजवळ होते. त्यातला एक पुढे आला. "काकी, आमच्यासाठी थे पायलटच होते. झालं गेलं सोडा."

मलाही वाटलं, राहू द्यावं. प्रेमाने लावलाय, चार दिवसांत उतरेल. तसं मी म्हणालेही, "काकी, राहू द्या ना आता." पावसाची बुरबुर होती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे शब्द माझ्याच तोंडात परत गेले.

"उतरव," काकी त्या माणसाला म्हणाल्या. "त्याईनं हासं करून घेतलं स्वतःचं, हे काढाले. थे मेल्यावर तुमी परत चिकटवून राहिले का?"

दोऱ्या कापल्या गेल्या. फ्लेक्स दुमडून ठेवत त्याने हळूच विचारलं, "मंग का लिवू, काकी?"

काकींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पंगतीच्या आधी नवा लागला. त्या मला हाताला धरून चौकात घेऊन गेल्या. आजूबाजूला पाहुणे होते, कमिटीची माणसं होती, ज्यांची झंपरं शिवली होती त्या बायका होत्या.

"वाच," काकी म्हणाल्या.

मी हळू आवाजात सुरुवात केली.

"तसं नाही. सगळ्याईले आयकू जाईल असं."

मी घसा साफ केला आणि चौकभर ऐकू जाईल असं वाचलं. नाव, आणि नावाखाली: हवाई दलात पॅराशूट शिवणारे, आमच्या गावचे शिंपी.